हाकेला ओ कोण देतं?

विंडोज २००० आणि एक्सपीच्या दिवसांत युनिकोड मराठीत लिहू पाहणाऱ्यांना एक चमत्कारिक अनुभव येत असे. संगणक तोच, मंगल फॉन्ट तोच, मजकूरही तोच. पण एका प्रोग्राममध्ये जोडाक्षरं नीट जुळलेली दिसत आणि दुसऱ्यात पाय मोडून सुटी पडत. दोष फॉन्टचा नव्हता. कोणतं अक्षर कुठे जोडायचं, वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे कधी न्यायची, रफार कुठे चढवायचा हे ठरवण्याचं काम युनिस्क्राइब नावाची यंत्रणा करत होती आणि ती यूएसपी१०.डीएलएल या एका फाइलीत राहत होती. ऑफिस २००३ या फाइलीची नवी आवृत्ती सोबत आणून आपल्या स्वतःच्या फोल्डरात ठेवत असे. जाणकारांनी त्यावरून एक युक्ती शोधली. ती नवी फाइल उचलायची आणि ज्या प्रोग्रामात अक्षरं फुटतात त्याच्या फोल्डरात नेऊन ठेवायची. प्रोग्रामचा एक बाइटही न बदलता जोडाक्षरं जागेवर येत.

हे कसं घडलं, ते समजलं की या लेखाचा निम्मा विषय समजला. प्रोग्रामला ती फाइल कुठे आहे हे माहीत नव्हतं. त्याला फक्त तिचं नाव माहीत होतं. चालू होताना त्याने त्या नावाने हाक मारली आणि विंडोजने सर्वांत आधी त्याच्याच फोल्डरात डोकावून पाहिलं. तिथे त्या नावाची फाइल मिळाली, म्हणून सिस्टिमच्या फोल्डरातली जुनी फाइल तशीच पडून राहिली. नावाने हाक मारायची आणि जो ओ देईल त्याच्या हाती काम सोपवायचं, असा हा सारा व्यवहार आहे. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर तो चालतो. ओ द्यायचा मान कोणाचा, याचे नियम मात्र प्रत्येकीचे निराळे आहेत, आणि माझ्या मते या विषयातली सगळी गंमत आणि सगळा धोका त्या नियमांतच आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून उभारलेल्या मल्टिक्समध्ये एखाद्या फंक्शनला पहिल्यांदा बोलावलं की प्रोग्राम क्षणभर थांबे, सिस्टिम ते फंक्शन शोधून आणे, जोडणी करे आणि काम पुढे चालू होई. मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी घडवलेल्या सुरुवातीच्या युनिक्सने मात्र ही सोय घेतली नाही. तिथे लागणारी सगळी फंक्शनं प्रोग्राम तयार होतानाच त्याच्या पोटात कॉपी होत. साधी, भरवशाची पद्धत. पण दहा प्रोग्राम चालू असतील तर एकाच फंक्शनच्या दहा प्रती मेमरीत.

१९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली ती अवघ्या २५६ केबी मेमरीवर चालायची होती. तिथे अशी चैन परवडणारी नव्हती. म्हणून खिडक्या, मेनू, चित्रं काढण्याचं सगळं कसब सामायिक फाइलींत ठेवलं गेलं आणि डीएलएल ही जात जन्माला आली. युनिक्सच्या बाजूला सन कंपनीने १९८८ सालच्या सनओएस ४.० मध्ये शेअर्ड लायब्ररी आणल्या. त्यात लायब्ररीचा कोड मेमरीत एकदाच चढतो आणि तिच्यावर विसंबलेले सगळे प्रोग्राम तीच प्रत वाचतात. लिनक्सवर सुरुवातीच्या काळात प्रत्येक लायब्ररीला मेमरीतला ठराविक पत्ता नेमून द्यावा लागे आणि दोन लायब्ररींनी एकच पत्ता मागितला की तंटा होई. १९९५च्या सुमारास लिनक्स ईएलएफ या फाइल-स्वरूपाकडे वळलं तेव्हा ही कटकट संपली, कारण त्यात लायब्ररी कुठल्याही पत्त्यावर चढू शकते.

लायब्ररी जोडण्याच्या वेळा दोन. पहिली, प्रोग्राम सुरू होताना: आपल्याला काय काय लागणार याची यादी प्रोग्रामने स्वतःवर लिहून ठेवलेली असते आणि लोडर ती वाचून सगळं आणून ठेवतो. यादीतलं एक जरी सापडलं नाही तरी प्रोग्राम सुरूच होत नाही. दुसरी, काम चालू असताना: प्रोग्राम स्वतः म्हणतो, मला आत्ता अमुक लायब्ररी हवी. ब्राउझरचे प्लगइन, डेटाबेसचे ड्रायव्हर, संगीत-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधले इफेक्ट, पायथनचे सी भाषेत लिहिलेले मोड्यूल हे सगळे याच वाटेने येतात. प्रोग्राम लिहिला गेला तेव्हा ती लायब्ररी अस्तित्वातच नसेल, तरी चालतं. हीच या पद्धतीची खरी ताकद.

या दुसऱ्या वाटेसाठी लागतात तीन क्रिया: लायब्ररी उघडा, तिच्यातल्या फंक्शनचा पत्ता नावाने मागा, काम झालं की सोडा. युनिक्स घराण्यात त्यांना डीएलओपन, डीएलसिम आणि डीएलक्लोज म्हणतात. विंडोजवर लोडलायब्ररी, गेटप्रोकअ‍ॅड्रेस आणि फ्रीलायब्ररी. एचपी-यूएक्सवर एके काळी एसएचएल_लोड होतं. मॅक ओएस एक्सकडे सुरुवातीला नेक्स्टस्टेपच्या वारशाने आलेली वेगळीच फंक्शनं होती आणि डीएलओपन तिथे नंतर दाखल झालं. हे फरक मोजके आहेत. दुपारभरात झाकून टाकता येतात. जीएनयू लिबटूलची एलटीडीएल, क्यूटीची क्यूलायब्ररी, जावाची सिस्टिम.लोडलायब्ररी, पायथनची सीटाइप्स यांनी ते काम करूनही ठेवलं आहे. फाइलींच्या नावांचंही तसंच. लिनक्सवर नावाआधी 'लिब' आणि शेवटी 'एसओ', मॅकवर शेवटी 'डायलिब', विंडोजवर नुसतं 'डीएलएल'. एवढ्याने लायब्ररी सगळीकडे लोड होईल असं समजणाऱ्याला पुढे हमखास ठेच लागते, कारण खरा फरक शोध घेण्याच्या रीतीत आहे.

लिनक्सवर नुसतं नाव दिलंत तर लोडर प्रोग्रामच्या अंगावर कोरलेली वाट पाहतो, एलडी_लायब्ररी_पाथ या चलात सांगितलेले फोल्डर पाहतो, मग सिस्टिमने आधीच बांधून ठेवलेली सूची आणि शेवटी नेहमीचे लिब फोल्डर. तुम्ही आत्ता ज्या फोल्डरात उभे आहात, तिथे तो बघत नाही. नवख्या प्रोग्रामरची फाइल डोळ्यांसमोर असते आणि तरी 'सापडली नाही' असं उत्तर येतं ते यामुळेच. नावात तिरकी रेघ असेल तर मात्र तो शोध घेत नाही. दिलेल्या वाटेवरच जातो.

विंडोज नेमकं उलट वागत आलं. आधी प्रोग्रामचा फोल्डर, आणि पूर्वी त्याच्यामागोमाग चालू फोल्डर. २००४ सालच्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून चालू फोल्डरला रांगेत बराच मागे ढकललं, पण रांगेतून काढलं नाही. म्हणजे सिस्टिमच्या फोल्डरांत नाव सापडलं नाही तर विंडोज अजूनही चालू फोल्डरात पाहणार. समजा, तुम्ही पेनड्राइव्हवरचा एखादा दस्तऐवज दोनदा क्लिक करून उघडलात. चालू फोल्डर झाला पेनड्राइव्ह. त्या प्रोग्रामने एखादी ऐच्छिक डीएलएल मागितली, ती तुमच्या संगणकावर नाही, पण त्या पेनड्राइव्हवर कोणीतरी त्या नावाची फाइल ठेवून दिली आहे. ओ तिने दिली. २०१०च्या ऑगस्टमध्ये हा प्रकार इतक्या प्रोग्रामांत सापडला की मायक्रोसॉफ्टला त्यावर खास सुरक्षा-सूचना काढावी लागली. आज लोडलायब्ररीइएक्स वापरून 'फक्त सिस्टिमच्या फोल्डरातच शोध' असं बजावता येतं आणि नवा कोड लिहिणाऱ्याने ते बजावलंच पाहिजे. पायथनने २०१९च्या ३.८ आवृत्तीत विंडोजवरचा हा शोध आखडून घेतला. एक्स्टेन्शन मोड्यूलना लागणाऱ्या डीएलएल पाथ या चलात शोधणं बंद केलं आणि फोल्डर हवा असेल तर तो स्पष्ट सांगा, असा नियम केला. अनेकांचं चालतं काम त्या दिवशी अडलं. तरी निर्णय योग्यच होता.

त्याच २०१० साली स्टक्सनेट उघडकीला आलं. इराणमधल्या नतांझच्या सेंट्रिफ्यूजमध्ये बिघाड घडवण्यासाठी रचलेला हा प्रोग्राम, आणि त्याच्या दोन महत्त्वाच्या चाली आपल्याच विषयातल्या आहेत. पेनड्राइव्हवरच्या शॉर्टकटचं चित्र दाखवण्यासाठी विंडोज एक डीएलएल लोड करत असे, तीच त्याने आत शिरण्याची वाट केली. फोल्डर नुसता उघडून पाहिला तरी पुरे. पुढची चाल तर थक्क करणारी होती. सीमेन्सच्या स्टेप ७ सॉफ्टवेअरमध्ये यंत्रांच्या नियंत्रकाशी बोलणारी एस७ओटीबीएक्सडीएक्स.डीएलएल नावाची फाइल होती. स्टक्सनेटने तिचं नाव बदलून तिला बाजूला केलं आणि तिच्या जागी त्याच नावाचा तोतया बसवला. बहुतेक मागण्या तोतया निमूटपणे मूळ फाइलीकडे पोहोचवी. निवडक काही मात्र स्वतः हाताळी, जेणेकरून नियंत्रकात घुसवलेला कोड अभियंत्याच्या पडद्यावर दिसू नये. अभियंत्याचा प्रोग्राम अस्सल होता. त्याने मारलेली हाकही बरोबर होती.

अ‍ॅपलने या धोक्यावर वेगळा मार्ग धरला. मॅकवर लायब्ररी आपला पत्ता स्वतःच्या अंगावर वागवते आणि प्रोग्राम तयार होताना तो पत्ता टिपून घेतो, त्यामुळे तिथे शोध कमी आणि नेमकेपणा अधिक. पुढे स्वाक्षरीचे नियम आले. कडक सुरक्षेखाली चालणारा प्रोग्राम फक्त अ‍ॅपलने किंवा त्याच निर्मात्याने स्वाक्षरी केलेली लायब्ररी स्वीकारतो, एरवी नाही. २०२०च्या बिग सरपासून तर सिस्टिमच्या लायब्ररी डिस्कवर सुट्या फाइलींच्या रूपात उरल्याच नाहीत. त्या सगळ्या एका मोठ्या सामायिक साठ्यात एकत्र असतात. 'आधी फाइल आहे का पाहू, मग लोड करू' असं लिहिलेले प्रोग्राम तिथे चकले. फाइल नाही, पण डीएलओपनने मागितली तर लायब्ररी मिळते. फाइल आहे का हे विचारत बसू नका, थेट मागून पाहा, हा धडा मला सगळ्याच सिस्टिमना लागू वाटतो.

लायब्ररी सापडली, आता फंक्शन. इथेही रीत वेगळी. विंडोजवर प्रोग्राम जोडणी करताना म्हणतो, 'अमुक डीएलएलमधलं तमुक फंक्शन'. मॅकवरही २००१च्या १०.१ आवृत्तीपासून तसंच. लिनक्सवर लायब्ररींची यादी वेगळी आणि फंक्शनांची वेगळी. कुठलं फंक्शन कोणाकडून घ्यायचं याची नोंद सहसा नसते. रांगेतली जी पहिली लायब्ररी त्या नावाला ओ देईल तिचं फंक्शन घेतलं जातं. यामुळे मेमरी वाटणारं मॅलॉक फंक्शन बाहेरून बदलून गळती शोधता येते, हा मोठाच फायदा. पण दोन प्लगइननी एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आणल्या तर एकाची हाक दुसऱ्याच्या दारी जाऊ शकते. डीएलओपनला म्हणूनच सांगता येतं, की या लायब्ररीची नावं इतरांना दिसू देऊ नकोस. यातली मेख अशी, की काहीच सांगितलं नाही तर लिनक्स नावं झाकून ठेवतं आणि मॅक उघडी टाकतं. दोन्हीकडे चालणारा कोड लिहिणाऱ्याने हे कधीच गृहीत धरू नये; स्पष्ट लिहावं.

या सगळ्याचं मोल किती, ते २०२४च्या मार्चमध्ये जगाला दिसलं. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते डेबियन या लिनक्स वितरणाच्या विकासाधीन आवृत्तीवर वेगाच्या चाचण्या घेत होते. एसएसएच या दूरच्या संगणकात शिरण्याच्या सोयीने लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर विनाकारण राबतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी माग काढला तो पोहोचला लिबएलझेडएमए या लायब्ररीपाशी, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड प्रकल्पापाशी. जिया तान हे नाव धारण केलेल्या कोणीतरी दोन-अडीच वर्षं चोख काम करून त्या प्रकल्पात विश्वास कमावला होता आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं होतं.

पण एसएसएचला फाइली दाबणाऱ्या लायब्ररीचं काय काम? काहीच नाही. काही लिनक्स वितरणांनी एसएसएच सर्व्हरला 'मी सुरू झालो' एवढा निरोप सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेला, देता यावा म्हणून लिबसिस्टिमडी जोडली होती. लिबसिस्टिमडीला नोंदवह्या वाचण्यासाठी लिबएलझेडएमए लागे. म्हणजे एका ओळीच्या निरोपासाठी जोडलेली लायब्ररी आपल्या सोबत तिसऱ्याच लायब्ररीला एसएसएचच्या घरात घेऊन आली. ही सगळी साखळी प्रोग्राम सुरू होतानाच जोडली जाते, आणि त्या जोडणीच्या क्षणी कोड चालवण्याची लायब्ररींना मुभा असते. चोराने नेमका तोच क्षण साधला आणि किल्ल्या तपासणाऱ्या फंक्शनच्या जागी स्वतःचं फंक्शन लावून दिलं. फ्रॉइंड यांनी २९ मार्चला हे जाहीर केलं तेव्हा त्या आवृत्त्या बहुतेक स्थिर वितरणांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. जग थोडक्यात बचावलं, आणि ते एका माणसाच्या चिकाटीमुळे.

यावरचा उपायही आपल्याच विषयातला आहे. दाबण्या-उलगडण्याच्या लायब्ररी सुरुवातीलाच न जोडता, लागतील तेव्हाच डीएलओपनने आणायच्या, हा बदल सिस्टिमडीत चोरदार उघड होण्याच्या आधीच हाती घेतला गेला होता आणि जून २०२४च्या २५६ आवृत्तीतून तो सर्वांपर्यंत आला. निरोप पाठवणाऱ्या एसएसएचला नोंदवह्या वाचायच्याच नसतात, मग ती लायब्ररी एसएसएचच्या मेमरीत शिरतही नाही. ओपनएसएसएचने त्याच वर्षीच्या ९.८ आवृत्तीत तो निरोप कोणत्याही लायब्ररीविना स्वतःच पाठवायला सुरुवात केली. याला दुसरी बाजू आहे. डीएलओपनने येणारी लायब्ररी प्रोग्रामच्या जाहीर यादीत दिसत नाही, त्यामुळे पॅकेज बांधणाऱ्यांना ती कळत नाही. म्हणून सिस्टिमडीने अशा ऐच्छिक लायब्ररींची नोंद ईएलएफ फाइलीतच वेगळी ठेवायला सुरुवात केली. मला ही जोड फार महत्त्वाची वाटते. गरजेपुरतं आणि गरजेच्या वेळीच बोलवा, पण कोणाला बोलावणार ते आधी सांगून ठेवा.

ओ देणारा ओळखीचाच असला, तरी तो पूर्वीसारखाच वागेल का, हा आणखी एक प्रश्न. नव्वदच्या दशकात विंडोजवर एका सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर सामायिक डीएलएलवर आपली जुनी आवृत्ती चढवी आणि भलतंच सॉफ्टवेअर बंद पडे. विंडोज २००० ने सिस्टिमच्या फाइलींना संरक्षण दिलं, एक्सपीने एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदवल्या. लिनक्सने आवृत्तीचा आकडा लायब्ररीच्या नावातच घातला आणि जीलिबसी या तिथल्या मूलभूत सी लायब्ररीने तर एकेका फंक्शनला आवृत्ती चिकटवली. तरीही २०१० अखेरीस फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर अ‍ॅडोबीच्या ६४-बिट फ्लॅश प्लगइनमधून खरखराट ऐकू येऊ लागला. जीलिबसीतल्या मेमकॉपी या फंक्शनने नव्या प्रोसेसरांवर वेग वाढवण्यासाठी मेमरी उलट दिशेने कॉपी करायला सुरुवात केली होती. एकमेकांवर चढणाऱ्या जागांसाठी हे फंक्शन वापरू नये असा नियम होता आणि फ्लॅशने तो मोडला होता. चूक फ्लॅशची, हे कागदोपत्री खरं. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांचं म्हणणं मात्र असं, की वापरणाऱ्याचं चालतं काम मोडणं हीच चूक. पुढे जीलिबसीने मेमकॉपीची नवी आवृत्ती वेगळी काढून जुन्या प्रोग्रामांना जुनंच वागणं मिळेल अशी सोय केली. मी टॉरव्हाल्ड्स यांच्या बाजूचा आहे.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी थोडं व्यवहारातलं. विंडोजवर चूक क्रमांक १२६ म्हणजे 'मोड्यूल सापडलं नाही', पण तुम्ही मागितलेली डीएलएल जागेवर असून तिला लागणारी दुसरी गायब असेल तरी हाच आकडा येतो. १९३ आला तर बहुधा ३२-बिट आणि ६४-बिटची गल्लत. एका डीएलएलने घेतलेली मेमरी दुसरीने मोकळी करू नये. विंडोजवर दोघींचे मेमरीचे साठे वेगळे असू शकतात आणि प्रोग्राम कोसळतो. डीएलक्लोज केलं म्हणजे लायब्ररी मेमरीतून गेली असं समजू नका; अल्पाइन लिनक्सच्या मस्ल लायब्ररीत ते काही काढतच नाही. आणि मराठी माणसांसाठी कोड लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. विंडोजच्या लोडलायब्ररीची दोन रूपं आहेत, जुन्या संकेतावलीचं आणि युनिकोडचं. देवनागरीसाठी विंडोजने जुनी संकेतावली कधी बनवलीच नाही. त्यामुळे वापरणाऱ्याच्या फोल्डराचं नाव 'स्नेहल' किंवा 'माझी कामे' असं देवनागरीत असेल, तर सहसा जुन्या रूपाला तिथली डीएलएल सापडतच नाही. युनिकोड रूपच वापरा.

वाचकांपैकी बहुतेकजण असा कोड लिहीत नसतील, पण 'एमएसव्हीसीआर१००.डीएलएल सापडत नाही' किंवा 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही' ही पाटी अनेकांनी पडद्यावर पाहिली असेल. अशा वेळी शोधयंत्रावर त्या नावाने फाइल हुडकून, कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून सिस्टिमच्या फोल्डरात टाकू नका. नाव बरोबर असलेली कोणतीही फाइल संगणक स्वीकारेल आणि तुमचा प्रोग्राम जे करू शकतो ते सगळं तिला करता येईल. या दोन्ही फाइली मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल या पॅकेजमध्ये येतात, पहिली २०१०च्या आणि दुसरी २०१५ व त्यापुढच्या. ते पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. ते तिथूनच घ्या.